शंका कुठे गळते? युद्धकाळातली सरकारी निवेदनं वाचताना

युद्धाच्या काळात सरकारं खोटं बोलतात, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि त्याचा प्रत्यक्षात उपयोग जवळजवळ काहीच होत नाही. ते मानणारी माणसंही पुढचं युद्ध आलं की दोनातला एक रस्ता धरतात: आपल्या बाजूचं सगळं खरं, किंवा कुणाचंच काही खरं नाही. दोन्हीकडे विचार करायची गरज उरत नाही. माझं म्हणणं असं की खोटेपणा नेमका कोणत्या टप्प्यावर तयार होतो हे समजून घेतलं, तर तो पकडता येतो. पुष्कळदा तर पहिला बॉम्ब पडायच्या आधीच.

सरळसरळ बनाव होतात, नाही असं नाही. 31 ऑगस्ट 1939 च्या रात्री नाझींच्या माणसांनी पोलिश हल्लेखोर असल्याचं सोंग करून ग्लायविट्झचं रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जर्मनी पोलंडमध्ये घुसलं. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला मायनिला या सीमेवरच्या गावात तोफगोळे पडले. सोव्हिएत सरकारने फिनलंडवर ठपका ठेवला आणि चार दिवसांनी चढाई केली. पण निवडून आलेल्या, पत्रकारांना तोंड देणाऱ्या सरकारांचा नेहमीचा प्रकार हा नव्हे. तिथे बहुधा कुणी काही रचत नाही. खालून आलेल्या माहितीला जोडलेली शंका वर जाताना गळते, आणि सगळ्यात वरचा माणूस बोलतो तेव्हा अंदाजाचं सत्य झालेलं असतं.

ही साखळी साधारण अशी. मैदानातला हेर किंवा फितूर काहीतरी सांगतो. ते टिपून घेणारा अधिकारी त्याला दर्जा देतो. नाटोसह अनेक लष्करांत यासाठी एक साधी पद्धत आहे: सांगणारा किती भरवशाचा ते 'ए' ते 'एफ' या अक्षरांनी आणि सांगितलेलं किती पटण्याजोगं ते 1 ते 6 या आकड्यांनी लिहायचं. 'एफ-6' म्हणजे माणसाचीही पारख करता येत नाही आणि माहितीचीही. मग विश्लेषक त्यावर अहवाल लिहितो. त्यात 'शक्यता आहे', 'आमचा अंदाज आहे', 'एका स्रोतानुसार' असे शब्द असतात आणि ज्यांना पटलेलं नसतं त्यांचा मतभेद तळटीपेत जातो. या अहवालाचा सारांश होतो, सारांशावरून जनतेसाठी पुस्तिका होते, पुस्तिकेवरून भाषण, भाषणावरून मथळा. प्रत्येक पायरीवर मजकूर लहान होतो, आणि लहान करताना सगळ्यात आधी काय कापलं जातं? शंकेचे शब्द आणि तळटीपा. कापणाऱ्या कुणालाच आपण खोटं लिहितोय असं वाटत नाही. प्रत्येकाने फक्त 'भाषा नेटकी' केलेली असते.

2003 च्या इराक युद्धाच्या बाबतीत हा सगळा प्रवास कागदोपत्री उपलब्ध आहे. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांचा एकत्रित अंदाज ऑक्टोबर 2002 मध्ये तयार झाला. त्यात परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने इराकच्या अणुकार्यक्रमाबद्दल स्पष्ट मतभेद नोंदवला होता. ज्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर अणुबॉम्बचा दावा उभा होता, त्या युरेनियम समृद्ध करण्यासाठी योग्य नाहीत असं ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं. त्याच महिन्यात जनतेसाठी श्वेतपत्रिका निघाली. दोन्ही कागद शेजारी ठेवून सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने जुलै 2004 मध्ये सांगितलं की मूळ मजकुरातले 'आमचा अंदाज आहे', 'आम्हाला वाटतं' असे शब्द श्वेतपत्रिकेतून वगळले गेले होते. वाक्यं जवळपास तीच, पण अंदाज म्हणून केलेलं विधान वस्तुस्थिती म्हणून छापलं गेलं. पूर्ण गोपनीय दस्तऐवज संसद सदस्यांना वाचायला खुला होता, आणि युद्धावर मत देण्याआधी तो वाचणारे अगदी मोजके निघाले. म्हणून हे पाप एकट्या सरकारचं नाही, असं मी म्हणते.

ब्रिटनमध्ये 24 सप्टेंबर 2002 ला प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत एक दावा होता: आदेश मिळाल्यापासून 45 मिनिटांत इराक आपली काही रासायनिक किंवा जैविक अस्त्रं वापरू शकतो. मूळ माहिती, जशी होती तशी, रणांगणावरच्या कमी पल्ल्याच्या अस्त्रांबद्दल होती. पुस्तिकेत ते सांगितलंच नव्हतं, त्यामुळे वर्तमानपत्रांनी सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांपर्यंत पोहोचणारी क्षेपणास्त्रं रंगवली. सरकारने ती दुरुस्त केली नाहीत. लॉर्ड बटलर यांच्या समितीने 2004 मध्ये ठरवलं की कशाबद्दल बोलतोय हे सांगितल्याशिवाय हा दावा पुस्तिकेत यायलाच नको होता. 'किती मिनिटांत' हा आकडा ठसठशीत होता आणि 'कोणतं अस्त्र' हे नाम गायब होतं. निवेदनात एखादा आकडा फार नेमका दिसला की तो नेमका कोणत्या वस्तूचा, हे आधी विचारायचं.

आणि हे सगळं नंतर कळलं, असंही नाही. नायजर देशातून इराकने युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याची जी कागदपत्रं होती, ती अस्सल नाहीत हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल बारादेई यांनी 7 मार्च 2003 ला सुरक्षा परिषदेत उघडपणे सांगितलं. युद्ध सुरू झालं 20 मार्चला. मधले 13 दिवस ही बातमी सगळ्यांसमोर होती. 'आम्हाला फसवलं गेलं' असं म्हणणाऱ्या समाजाने या 13 दिवसांचा हिशेब द्यायला हवा.

तेव्हा पहिलं काम अगदी साधं आहे. बातमी वाचू नका, निवेदनाची मूळ प्रत मिळवा. ती बहुतेक वेळा त्या खात्याच्या संकेतस्थळावर असते. क्रियापदांखाली रेघा मारा. 'आढळलं', 'सिद्ध झालं', 'मानलं जातं', 'सूत्रांनी सांगितलं' हे चार वेगवेगळे दर्जे आहेत. मग त्याच विषयावर आधी आलेली निवेदनं काढा आणि क्रियापद कधी बदललं ते पाहा. मधल्या काळात नवा पुरावा पुढे आला असेल तर ठीक. पुरावा तोच आणि क्रियापद मात्र 'असू शकतं' वरून 'आहे' वर आलेलं असेल, तर शंका तिथे गळलेली आहे. प्रत जपूनही ठेवा, पीडीएफ करून किंवा वेब-संग्रहात साठवून, कारण सरकारी पानं न सांगता बदलतात.

दुसरी गोष्ट निवेदन कुठून सुरू होतं याची. जवळपास प्रत्येक युद्ध-निवेदन शत्रूच्या कृतीपासून घड्याळ चालू करतं. टॉन्किनच्या आखातातलं प्रकरण याचा नमुना. 2 ऑगस्ट 1964 ला उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी 'मॅडॉक्स' या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. हे खरं घडलं. 4 ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं. तिथल्या ताफ्याचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांनी त्याच दिवशी कळवलं होतं की विचित्र हवामानामुळे रडारवर उमटलेल्या खुणा आणि अतिउत्साही सोनारचालक यांच्यामुळे बरेचसे अहवाल आलेले असू शकतात, पुढचं पाऊल टाकण्याआधी सगळं पुन्हा तपासावं. त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टीव्हीवर आले आणि बॉम्बहल्ल्यांची घोषणा झाली. 7 ऑगस्टला ठराव मंजूर झाला: प्रतिनिधीगृहात 416 विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2. दुसरा हल्ला झालाच नव्हता. संदेश पकडणाऱ्या यंत्रणेच्याच इतिहासकाराने लिहिलेला आणि 2005 साली खुला झालेला अभ्यास सांगतो की हाती असलेल्या संदेशांपैकी हल्ल्याच्या कथेला न जुळणारे बहुतांश संदेश वर पाठवलेच गेले नाहीत.

पण माझ्या मते यातली जास्त महत्त्वाची चोरी दुसऱ्या हल्ल्याची नव्हे, त्याआधीच्या दिवसांची आहे. 30 जुलैच्या रात्री अमेरिकेच्या आखणीनुसार दक्षिण व्हिएतनामच्या बोटींनी उत्तरेच्या बेटांवर मारा केला होता. ही मोहीम गुप्त होती. संसदेला ती त्या स्वरूपात सांगितली गेली नाही, उलट आपल्या नौदलाचा त्याच्याशी काही संबंध नाही असं संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी सांगितलं. त्यामुळे 'विनाकारण हल्ला' हे शब्द चालून गेले. म्हणून कोणत्याही 'चिथावणीविना झालेल्या' हल्ल्याच्या बातमीला एक प्रश्न लावायचा: याच्या आधीच्या आठवड्यात या पट्ट्यात कोण काय करत होतं? शत्रूला निर्दोष ठरवण्यासाठी हा प्रश्न नसतो. हल्ला करणारा दोषी असूनही आपल्या सरकारने अर्धी गोष्ट लपवलेली असू शकते.

साक्षीदारांबाबतही असंच. 10 ऑक्टोबर 1990 ला अमेरिकी खासदारांच्या एका मानवी हक्क गटासमोर 15 वर्षांच्या कुवेती मुलीने सांगितलं की इराकी सैनिकांनी बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर मरायला टाकलं. ही गोष्ट इराकविरुद्धच्या युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी वारंवार वापरली. सिनेटने युद्धाला मंजुरी दिली ती 52 विरुद्ध 47 अशा निसटत्या फरकाने. जानेवारी 1992 मध्ये उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती आणि या कार्यक्रमामागे कुवेतच्या बाजूने नेमलेली जनसंपर्क कंपनी होती. तो गट संसदेची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे साक्ष शपथेवर नव्हती. शपथ होती का, साक्षीदाराला कुणी आणलं आणि खर्च कुणी केला, हे तीन प्रश्न त्याच दिवशी विचारता आले असते. कुवेतवर इराकने खरोखर अत्याचार केले होते. खऱ्या अत्याचारांवर खोटी गोष्ट चढवली की पुढे खऱ्या बळींवरचाही विश्वास उडतो, हे या प्रकाराचं सगळ्यात मोठं नुकसान.

आता आकडे. इथे थोडं थांबायला हवं, कारण आकड्यांत खोटेपणा करायला खोटं बोलावंच लागत नाही.

शत्रूचे किती मारले, हा आकडा तर प्रामाणिक माणसांच्या हातूनही फुगतो. 15 सप्टेंबर 1940 ला ब्रिटिश हवाई दलाने 185 जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन नोंदी पाहिल्या तर प्रत्यक्षात पडलेली विमानं साठच्या आसपास होती. वैमानिक खोटारडे नव्हते. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या आणि तिघांनीही आपला दावा नोंदवला, धूर सोडत खाली गेलेलं विमान कसंबसं घरी पोहोचलं, असं घडत होतं. म्हणून पाडल्याच्या किंवा मारल्याच्या पहिल्या आकड्याला पुरावा कोणता, हे बघायचं: अवशेष, मालिका क्रमांक, कैदी, उपग्रहाची छायाचित्रं. यांपैकी काहीच नसेल तर तो दावा आहे, नोंद नव्हे.

पण जिथे बढती आणि शाबासकी आकड्यावर मिळते तिथे हा फुगवटा निष्पाप राहत नाही. व्हिएतनाममध्ये मृतदेहांची संख्या हीच प्रगतीची मोजपट्टी झाली होती. मेकाँगच्या मुखाच्या प्रदेशात 1968 च्या अखेरीपासून 1969 च्या मध्यापर्यंत चाललेल्या 'स्पीडी एक्सप्रेस' या मोहिमेत शत्रूचे 10,899 सैनिक मारल्याचा दावा झाला आणि हाती लागलेली शस्त्रं होती 748. म्हणजे साधारण साडेचौदा मृतांमागे एक शस्त्र. उरलेले कोण होते? मेलेल्यांत हजारो नागरिक असावेत असं लष्कराच्या अंतर्गत तपासणीतही म्हटलं गेलं. हा भागाकार कुणालाही कागदावर करता येतो. मृतांचा आकडा कळला की पकडलेली शस्त्रं, जखमी कैदी आणि आपल्या बाजूचे मृत हे आकडे शेजारी मांडायचे. लढाईत मृतांपेक्षा जखमी साधारणपणे जास्त असतात. शेकडो मृत आणि जखमी कैदी जवळपास नाहीत, असं चित्र दिसलं तर तिथे लढाईशिवाय दुसरं काहीतरी घडलेलं असू शकतं.

आपल्या बाजूच्या हानीत खेळ होतो तो व्याख्यांचा. 8 जानेवारी 2020 ला इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं सोडली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी जाहीर केलं की एकाही अमेरिकी माणसाला इजा झाली नाही. पुढच्या काही आठवड्यांत मेंदूला मार बसल्याचं निदान झालेल्या सैनिकांची संख्या शंभराच्या वर गेली. खुलासा असा की तातडीने वर कळवायच्या नियमात जीव, अवयव किंवा दृष्टी गमावणं एवढंच बसत होतं. स्फोटाच्या दाबाने हादरलेला मेंदू त्या रकान्यात नव्हता. त्याच दिवशी पहाटे तेहरानहून निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षण दलाने पाडलं. त्यातली 176 माणसं गेली. इराणने आधी तांत्रिक बिघाड सांगितला, क्षेपणास्त्राची शंका घेणाऱ्यांवर अपप्रचाराचा आरोप केला आणि 11 जानेवारीला कबुली दिली. कबुली का आली? क्षेपणास्त्र आदळतानाची चित्रफीत जगाने तपासली होती आणि ज्यांचे नागरिक मेले होते ते देश पुरावा घेऊन उभे होते. एकाच दिवशी दोन शत्रू सरकारांनी आपापल्या जनतेला चुकीचं सांगितलं. एकाचं खोटं उघड झालं म्हणून दुसऱ्याचं खरं ठरत नाही, हे त्या दिवसाइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

सरकार आकडाच देत नसेल तर? रशियाने युक्रेनमधल्या आपल्या मृत सैनिकांचा एकूण अधिकृत आकडा सप्टेंबर 2022 मध्ये दिला, 5,937, आणि त्यानंतर तो अद्ययावत करणं सोडलं. त्याआधीच, मार्च 2022 मध्ये, लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवण्याला 15 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली होती. तेव्हा बीबीसीची रशियन सेवा आणि 'मीडियाझोना' हे स्वतंत्र रशियन वृत्तस्थळ यांनी नावं मोजायला घेतली: स्थानिक वर्तमानपत्रांतले शोकसंदेश, नातेवाइकांनी समाजमाध्यमांवर टाकलेले मजकूर, कब्रस्तानातल्या नव्या कबरी. 2025 मध्ये या यादीने एक लाखाचा टप्पा ओलांडला. ही पद्धत कष्टाची आहे पण तिची ताकद तिच्या मर्यादेत आहे. प्रत्येक नोंदीमागे एक नाव असतं, त्यामुळे हा आकडा किमान असतो, याहून कमी नक्की नाही. ज्यांना कुणी नातेवाईक नाही, जे बेपत्ता म्हणूनच नोंदले गेले, जिथल्या गावात शोकसंदेश छापायची रीत नाही, ते सुटतात. युक्रेननेही आपले आकडे सावधपणेच दिले: फेब्रुवारी 2024 मध्ये 31,000, डिसेंबर 2024 मध्ये 43,000. त्यात बेपत्ता धरलेले नव्हते. मृत, जखमांनी नंतर मेलेले, बेपत्ता, कंत्राटी माणसं, अपघातात गेलेले: यांपैकी कोणते रकाने मिळवून बेरीज केली हे न सांगणाऱ्या आकड्याची तुलना दुसऱ्या कशाशीही करू नये.

आणि एक फार उपयोगी खूण. जे आकडे नियमित येत होते ते अचानक बंद झाले, तर बंद झाल्याची तारीख लिहून ठेवा. अफगाणिस्तानात किती जिल्हे सरकारच्या ताब्यात आणि किती तालिबानच्या, याची मोजणी अमेरिकेचा पुनर्बांधणी महानिरीक्षक दर तीन महिन्यांनी छापत असे. आकडे घसरत गेले. एप्रिल 2019 च्या अहवालात नोंद आली की लष्कराने ही मोजणीच थांबवली आहे, निर्णय घ्यायला तिचा फारसा उपयोग नाही म्हणून. अफगाण सैन्याच्या हानीचे तपशील त्याआधीच, 2017 मध्ये, गोपनीय झाले होते. 2021 च्या उन्हाळ्यात ते सैन्य काही आठवड्यांत कोसळलं तेव्हा जगभर आश्चर्य व्यक्त झालं. ज्यांनी गायब झालेल्या रकान्यांची नोंद ठेवली होती, त्यांना आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

अमेरिकेच्या अफगाणिस्तानातून माघारीच्या शेवटच्या दिवसांत, 29 ऑगस्ट 2021 ला, काबूलमध्ये एका मोटारीवर अमेरिकी ड्रोनहल्ला झाला. मोटारीत स्फोटकं होती, नंतर झालेल्या दुसऱ्या स्फोटावरून ते दिसतं, असं सांगितलं गेलं. पत्रकारांनी तिथली जमीन, भिंती आणि कॅमेऱ्यातली दृश्यं तपासली. मोठा दुसरा स्फोट झाला असता तर भिंती कोसळल्या असत्या, आणि त्या उभ्या होत्या. मोटारीत चढवलेले डबे पाण्याचे होते. 17 सप्टेंबरला लष्कराने मान्य केलं की मेलेले 10 जण नागरिक होते, त्यातली 7 मुलं. यातून घ्यायचं ते हे की निवेदनातल्या प्रत्येक भौतिक दाव्याचा भौतिक परिणाम असतो. खड्डा किती खोल, काचा कुठवर फुटल्या, आग किती वेळ होती, हे दावा करणाऱ्याच्या ताब्यात नसतं. मेलेली माणसं राजधानीतली होती, तिथे पत्रकार पोहोचू शकले, म्हणून 19 दिवसांत सत्य आलं. दूरच्या खेड्यातल्या हल्ल्यांना हे भाग्य मिळालं नाही.

चित्रफितींबद्दल थोडक्यात. युद्ध भडकलं की पहिल्या काही तासांत जुन्या युद्धांची, लष्करी सरावांची आणि चक्क व्हिडिओ गेममधली दृश्यं फिरतात. 'आर्मा 3' या खेळातली दृश्यं इतक्या वेळा खरी म्हणून पसरली की खेळ बनवणाऱ्या कंपनीला ती ओळखायच्या खुणा जाहीर कराव्या लागल्या. चित्रफितीतल्या तीन-चार स्थिर चौकटी काढून उलट शोधात (चित्र देऊन ते आधी कुठे आलं ते शोधणं) टाका, सगळ्यात जुनी नोंद शोधा, पाट्या, विजेचे खांब, डोंगराची कड उपग्रह नकाशाशी जुळवा, सावल्यांवरून वेळ ताडून पाहा. उलट शोधात काही सापडलं नाही म्हणजे दृश्य नवं आहे, असा अर्थ होत नाही. समाजमाध्यमांवरून आलेल्या फितीतून मूळ वेळ-स्थळाची माहिती पुसली गेलेली असते, तेव्हा तिच्यावर विसंबून राहता येत नाही. आणि तुमच्या बाजूला सुखावणारी फीत असेल तर ही तपासणी दुप्पट कडकपणे करा. चुका तिथेच होतात.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो: युद्धात गुप्तता लागतेच, प्रत्येक गोष्ट सांगत बसलं तर सैनिक मरतील. आक्षेप योग्य आहे. 1944 मध्ये दोस्तांनी जर्मनांना खोटं सैन्य दाखवून नॉर्मंडीच्या चढाईची जागा लपवली, आणि ते करायलाच हवं होतं. सैन्याची पुढची हालचाल, हेरांची नावं, घरी कळण्याआधी मृतांची नावं, हे गुप्त राहिलंच पाहिजे. पण कायदेशीर गुप्तता आणि सोयीची गुप्तता यांत फरक करायला एक चोख कसोटी आहे: ही गोष्ट शत्रूला माहीत आहे का? मार्च 1969 पासून मे 1970 पर्यंत अमेरिकेने कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बफेक केली. 3,800 हून अधिक उड्डाणं झाली. लष्करी नोंदवह्यांत ठिकाणं खोटी, दक्षिण व्हिएतनाममधली, लिहिली गेली आणि खऱ्या ठिकाणांचे कागद जाळले गेले. बॉम्ब ज्यांच्यावर पडत होते त्या उत्तर व्हिएतनामी सैन्याला ते माहीत होतं. कंबोडियातल्या शेतकऱ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त अमेरिकी मतदाराला आणि त्याच्या बहुतेक प्रतिनिधींना. हवाई दलातल्या एका मेजरने 1973 मध्ये खासदारांना कळवलं तेव्हा हा प्रकार उजेडात आला. जे शत्रूला ठाऊक आहे आणि आपल्याच नागरिकापासून लपवलं जातंय, तिथे सुरक्षेचं कारण लागू होत नाही.

पैशाचंही असंच. सप्टेंबर 2002 मध्ये राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी इराक युद्धाचा खर्च 100 ते 200 अब्ज डॉलर होऊ शकतो असं सांगितलं. सरकारने हा अंदाज झटकला, 50 अब्जांच्या आतले आकडे पुढे केले गेले आणि वर्षअखेर लिंडसे पदावर नव्हते. अमेरिकी संसदेच्या संशोधन सेवेने 2014 मध्ये केलेल्या हिशेबात इराकसाठी मंजूर झालेली रक्कम 815 अब्ज डॉलर होती. जखमी सैनिकांचं आयुष्यभराचं औषधपाणी आणि कर्जावरचं व्याज यात नाही. हा खर्च वर्षानुवर्षं नियमित अर्थसंकल्पाबाहेर, तातडीच्या पुरवणी मागण्यांतून मंजूर होत राहिला आणि त्यासाठी कर वाढवला गेला नाही, उलट कमी झाला. युद्धाचं बिल घरी येत नाही तोवर समाज त्याबद्दल प्रश्न विचारत नाही. म्हणून कुठल्याही युद्धाच्या पहिल्या पुरवणी मागणीवर तीन गोष्टी मागाव्यात: किती महिन्यांचा हिशेब धरलाय, पैसा कर्जातून की करातून, आणि जखमींचा खर्च कोणत्या खात्यात.

समाजाच्या वागण्याबद्दल मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती इथे. सरकारचा खोटेपणा टिकतो तो त्याला दंड बसत नाही म्हणून. टॉन्किनच्या ठरावाविरुद्ध मत देणारे दोनच सिनेटर होते, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. 1968 मध्ये दोघंही आपापल्या जागा हरले. ठरावाच्या बाजूने मत दिलेले बहुतेक जण राहिले. शंका विचारणाऱ्याला लगेच फितूर म्हणायचं, आणि ती शंका खरी ठरली की 'तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं' म्हणून सगळ्यांनी सुटून जायचं, हा व्यवहार कोणत्याही देशात सारखाच चालतो. त्याला अडवायचा एकच ठोस मार्ग मला दिसतो: कोण, कधी, काय म्हणालं याची नावानिशी नोंद ठेवणं आणि ती निवडणुकीच्या वेळी काढणं. वृत्तवाहिन्यांनीही. ज्या तज्ज्ञाचे युद्धाबद्दलचे अंदाज साफ चुकले तो पुढच्या युद्धात त्याच खुर्चीत बसलेला असतो, याला सरकार जबाबदार नाही.

शेवटी चौकश्या. 'योग्य वेळी चौकशी करू' हे उत्तर सरकारला नेहमी सोयीचं पडतं, म्हणून चौकशी किती लवकर होऊ शकते हे माहीत असावं. 1973 च्या युद्धानंतर इस्रायलमध्ये नोव्हेंबरात नेमलेल्या अग्रानाट आयोगाचा पहिला अहवाल पुढच्या एप्रिलमध्ये आला, आणि गोल्डा मेयर यांचं सरकार त्यानंतर टिकलं नाही. फॉकलंडच्या युद्धानंतर ब्रिटनमध्ये लॉर्ड फ्रँक्स यांच्या समितीने साधारण सहा महिन्यांत काम संपवलं. त्याच ब्रिटनमध्ये इराकवरची चिल्कॉट चौकशी 2009 मध्ये सुरू झाली आणि अहवाल यायला जुलै 2016 उजाडलं: 12 खंड, 26 लाख शब्द, आणि तोवर निर्णय घेणारे सगळे सत्तेबाहेर. भारतात 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही, तर कारगिलवरच्या समितीचा अहवाल काही भाग गाळून का होईना, 2000 मध्येच संसदेत मांडला गेला. फरक काळाचा नाही, कार्यकक्षेचा आणि इच्छेचा आहे. चौकशी जाहीर झाली की तिचा आदेश वाचा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं पाहायचंय, मंत्र्यांना बोलावण्याचा अधिकार आहे का, मूळ कागद मिळणार का, अहवाल प्रसिद्ध करायची मुदत लिहिली आहे का. यांतलं एक जरी सुटलेलं असेल तर हरकत तेव्हाच घ्यायची, अहवाल आल्यावर नाही.

आणि कागद जपण्याचा आदेश चौकशीच्याही आधी, युद्धाच्या पहिल्या आठवड्यातच मागायला हवा. 1956 मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी फ्रान्समधल्या सेव्र येथे गुप्तपणे ठरवलं होतं की इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा आणि मग बाकी दोघांनी शांतता राखायच्या नावाखाली सुएझमध्ये उतरायचं. ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी 20 डिसेंबरला संसदेत सांगितलं की इस्रायलच्या हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती. कराराची ब्रिटिश प्रत त्यांनी नष्ट करायला लावली होती. आज तो करार वाचता येतो, कारण इस्रायलकडची प्रत राहिली.